मामाच्या विहिरीतले शिंपले, आणि मराठवाड्याच्या पावसाचा जुना हिशोब

एप्रिलात मामाचा फोन आला. "माय, दोन दिवस काढून ये, हिरीत समुद्र लागलाय." मला वाटलं खारं पाणी लागलं असेल, आमच्याकडं ते नवीन नाही, पण मामा म्हणाले पाणी नाही गं, शिंपले लागलेत, टोपलंभर.

गाव गंगाखेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीपासून (आमच्याकडं गंगाच म्हणतात) दीडेक किलोमीटरवर. जुनी विहीर आटली म्हणून मामांनी रुंद करायला काढली होती, यारी लावलेली, चार गडी खाली. वरची काळी माती संपली, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती, आणि सहा परसाच्या (परस म्हणजे पुरुषभर खोली) जवळपास एकदम राखाडी, हाताला साबणासारखा लागणारा गाळ. त्या गाळात शिंपले. एकदोन नाही, पूर्ण थरच, वीतभर जाडीचा. मी भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलंय, आता ज्युनियर कॉलेजला शिकवते, म्हणून नातेवाइकांत दगडमातीचं काहीही निघालं की फोन मलाच येतो आणि मला ते मनापासून आवडतं.

मी पोचेपर्यंत गावातल्या पोरांनी व्हिडिओ काढून टाकलेला होता, "परभणी जिल्ह्यात सापडला प्राचीन समुद्र", आणि शेजारच्या गावची माणसं बघायला यायला लागली होती. एक म्हातारे गृहस्थ तर शिंपला कपाळाला लावून घेऊन गेले. त्यांची श्रद्धा मला समजते. पण प्रश्न खराच होता आणि त्याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे होतं, म्हणून हे सगळं प्रकरण सुरुवातीपासून लिहून काढतेय.

पहिल्यांदा साधा हिशोब. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आणि कोकणचा किनारा सरळ रेषेत चारशे किलोमीटर लांब. आज पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला, अंटार्क्टिका ग्रीनलंड सगळं, तरी समुद्र ६५-७० मीटरच्या आसपासच चढेल. मागच्या उबदार काळात, म्हणजे सव्वा लाख वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होता. आणि साधारण २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन थंडीत तर उलट होतं, समुद्र १२० मीटरपेक्षाही जास्त खाली गेलेला, कोकणाच्या पुढं मैलोन्‌मैल कोरडी जमीन होती. मग आमच्या विहिरीतल्या मातीच्या काळात, जी काळ्या दगडावर कितीतरी नंतर नदीनं आणून टाकलीय, समुद्र इथं येणार कसा? बरं, खालचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या दोन थरांच्या मधे मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ झिलमिलीला समुद्रातले अतिसूक्ष्म जीव सापडलेत हे खरं, २००९ मध्ये ते छापून आलं. म्हणजे "देशाच्या आत समुद्र कधीच नव्हता" असं मी म्हणणार नाही. पण ते दगडाच्या पोटातलं आणि आमचं दगडाच्या वरचं, मधे कोट्यवधी वर्षं गेलीत.

हिशोबानं लोकांचं समाधान होत नाही, शिंपला हातात असतो ना. म्हणून शिंपलाच बघायचा.

मामीनं परातीत पाणी घेऊन पंधरावीस शिंपले धुवून दिले. लांबट, पातळ, बाहेरून तपकिरी साल सुटत आलेली, आणि आत अजून मोत्यासारखी चकाकी. काही लहान, जाड, गोलसर, त्यांच्या टोकाजवळ बारीक नागमोडी उठाव. सोबत गोगलगायींचे शंख: एक लांब स्क्रूसारखा, एक नाण्यासारखा चपटा गुंडाळलेला, एक बोराएवढा फुगीर. समुद्रातला रक्तशिंपला घेतला तर तो जाड असतो, बाहेरून पन्हाळीच्या पत्र्यासारख्या उभ्या धारा, आणि दोन्ही पाखं जिथं जुळतात तिथं करवतीसारखे बारीक दात एका सरळ रेषेत. कालवं दगडाला चिकटून वाढतात म्हणून वेडीवाकडी. आमच्या परातीत यातलं एकही नव्हतं. जे होतं ते सगळं गोड्या पाण्यातलं, लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया ही शिंपल्यांची नावं, आणि चपटा शंख म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस, जो आजही आमच्या तळ्याच्या काठी शेवाळात मिळतो. तो स्क्रूसारखा मेलॅनॉइड्स थोडं खारट पाणीही सोसतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबायचं नसतं, पण बाकीची सगळी मंडळी गोड्या पाण्याची असताना शंका राहत नाही.

मामी लगेच म्हणाली, "ही तर कैरी सोलायची शिंपी." बरोबर. आजी गंगेतून आणलेली शिंपी दगडावर घासून मधे भोक पाडायची आणि कैरीच्या लोणच्याच्या दिवसात त्यानंच साल काढायची. ती अजून मामीच्या मांडणीवर आहे. आम्ही दोन्ही शेजारी ठेवल्या, विहिरीतली आणि मांडणीवरली. आकार तोच, नुसता विहिरीतल्या शिंपीचा रंग उडालेला आणि नख लावलं की पापुद्रा सुटतो. समुद्राचा वाद खरंतर त्या ओट्यावरच मिटला.

आणखी एक गोष्ट मी खाली उतरून बघितली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बरेच शिंपले जोडीनं होते, दोन्ही पाखं मिटलेली, आत गाळ भरलेला. शिंपला मेला की आठवड्याभरात पाखं उघडतात, पूर आला तर एक इकडं एक तिकडं जातं, घासून कडा बोथट होतात. इथं कडा धारदार. म्हणजे हे जीव त्याच जागी जगले आणि तिथंच गाळाखाली गेले. वाहतं पात्र नाही, संथ पाण्याचा डोह. गंगेनं पात्र बदललं असणार आणि मागं राहिलेला बांक असा तुंबून राहिला असणार, मामाचं शेत आज त्याच्यावर आहे.

मामांनी मग जो प्रश्न विचारला त्याच्यामुळं हे प्रकरण विहिरीपुरतं राहिलं नाही. "बरं, समुद्र नव्हता. पण डोह होता म्हणजे पाणी होतं. मग तवा पाऊस किती पडायचा?"

याला शिंपला पुरत नाही, परागकण लागतात. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं, ते इतकं चिवट की तीव्र ॲसिडातही टिकतं, म्हणून माती ॲसिडात विरघळवून टाकायची आणि उरलेल्यातून कण मोजायचे. कोणत्या झाडाचे किती, यावरून रान कसलं होतं ते कळतं. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली थराथराचे परागकण मोजून पहिल्यांदा असा आलेख मांडला, आपल्याकडं लखनौची बिरबल साहनी संस्था १९४६ पासून जुन्या वनस्पतींच्या अभ्यासात आहे. मी दोन डब्या गाळ भरून घेतला आणि ओळखीच्या एका लॅबमध्ये काम करायला जागा मिळवली. हायड्रोफ्लोरिक ॲसिड घरी हाताळायची गोष्ट नाही, हाडापर्यंत जातं ते, म्हणून लॅबच पाहिजे.

पहिली स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला फार आनंद झाला, भरपूर कण! गवताचे गोल गुळगुळीत, एकच भोक. बाभळीचे, सोळा कण एकत्र चिकटून फुटबॉलसारखा गठ्ठा. आणि एक लहान काटेरी चेंडू, खूप संख्येनं. सूर्यफुलाच्या कुळातला दिसत होता. मी अर्धा दिवस मोजत बसले आणि मग संदर्भाची स्लाइड काढून जुळवली तेव्हा कळलं, हे गाजरगवत आहे. गाजरगवत आपल्याकडं १९५०च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदवलं गेलं. सहा परस खाली, शिंपल्यांच्या थरात, गाजरगवत? म्हणजे माझा नमुनाच बाटलेला होता. विहिरीची भिंत आठ दिवस उघडी होती, बांधावरचं गाजरगवत फुलोऱ्यात होतं, वारा होता, आणि मी वरवरचा गाळ खरवडून घेतलेला. चूक माझी. पण गाजरगवत नसतं तर मला ती कळलीही नसती, बाभूळ आणि गवत बघून मी "तेव्हाही कोरडं रान होतं" असं खुशाल लिहून टाकलं असतं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा भिंत हातभर आत कापली, स्वच्छ पाण्यानं धुतलेली खुरपी वापरली, नमुना काढल्या काढल्या पिशवी बंद. यावेळी स्लाइड जवळजवळ रिकामी. थोडे गवताचे, थोडे चाकवत-माठाच्या कुळातले (सगळीकडून भोकं, गोल्फच्या चेंडूसारखे), बाकी चुरगळलेले, ओळख न पटणारे. इतक्या कणांवर पावसाबद्दल बोलणं प्रामाणिकपणाचं नाही, म्हणून मी बोलले नाही.

पण असं का झालं ते सांगते कारण इथं खरी मेख आहे. शिंपला म्हणजे चुना. त्याला अल्कली माती मानवते, आम्लात तो विरघळतो. परागकणाचं उलट, त्याला आम्ल चालतं, पाणथळ आणि हवा न लागणारी जागा चालते, पण चुनखडीच्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या मातीत हवा जाऊन तो सडतो. म्हणजे मराठवाड्याची माती शिंपला ठेवते आणि परागकण खाते. दोघं साक्षीदार एकाच ठिकाणी शाबूत मिळायला हवे असतील तर समुद्राच्या तळाचा गाळ पाहिजे, खाडीचा पाहिजे. हे मी पुस्तकात वाचलं होतं पण त्या रिकाम्या स्लाइडसमोर बसल्यावर ते पहिल्यांदा समजलं.

किनाऱ्यावर हे दोन साक्षीदार कसे बोलतात ते बघा. कांदळ, तिवर, चिपी ही खारफुटीची, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं. खाडीच्या गाळात कांदळाचे परागकण खूप मिळतात, कारण कांदळाचा पराग मुख्यतः वाऱ्यानं उडतो आणि तो भरपूर सोडतो. तिवराचे आणि चिपीचे कमी मिळतात, तिवराचा पराग किडे नेतात, चिपीचा वटवाघळं, त्यामुळं ते फार लांब जात नाहीत, थोडे जरी दिसले तरी झाड जवळच होतं असं धरायचं. खारफुटीला नदीचं गोडं पाणी आणि ताजा गाळ लागतो, म्हणून खारफुटीचे कण वाढले की पाऊस चांगला, नदी भरून वाहत होती, असा अर्थ निघतो. निघतो पण लगेच नाही, कारण समुद्र वर चढतानाही खारफुटी पसरते. परागकण एकटे असतील तर पाऊस वाढला का समुद्र चढला हे सांगता येत नाही, म्हणून सोबत शिंपला लागतो.

शिंपल्याच्या चुन्यात ऑक्सिजन असतो, हलका १६ आणि जड १८. रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड युरी यांनी १९४७ मध्ये दाखवलं की थंड पाण्यात बनलेल्या कवचात जड ऑक्सिजन जास्त बसतो. पण पाणी स्वतःही बदलतं. नाथसागराचं (पैठणच्या जायकवाडी धरणाचं) पाणी मे महिन्यात आटताना हलकं आधी उडून जातं, जड मागं राहतं, समुद्राचंही तसंच. उलट नदीला पूर आला की हलक्या ऑक्सिजनचं गोडं पाणी किनाऱ्यावर पसरतं आणि त्या वर्षीच्या कवचात ते नोंदलं जातं. एका शिंपल्याच्या वाढीच्या रेषांवर बारीक ड्रिलनं ओळीनं भुकटी काढली तर उन्हाळा, पावसाळा, परत उन्हाळा असं वाचता येतं. झाडाच्या वर्तुळासारखं, फक्त इथं पावसाळा दिसतो.

अरबी समुद्रात हे काम जुनं आहे. १९८६ मध्ये एलिस व्हॅन काम्पो यांनी नैर्ऋत्य भारतासमोरच्या दोन गाळनळ्यांमध्ये (समुद्रतळात नळी खुपसून थरासकट काढलेला गाळ) परागकण आणि कवचातला ऑक्सिजन सोबत मोजून २० हजार वर्षांचा मान्सून मांडला, हिमयुगात कोरडा, नंतर जोरदार. १९९४ मध्ये कारवारसमोरच्या गाळातून काराटिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की साधारण ३५०० वर्षांपासून पश्चिम किनारा आधीपेक्षा कोरडा झालाय, खारफुटीचे कण घटलेत. सह्याद्रीच्या पलीकडं जे ढग कमी आले ते आमच्याकडं अजून कमी येणार, आम्ही पर्जन्यछायेत आहोत.

पण मला मामांना जे सांगायचं होतं ते पूर्वेला होतं. गंगा आमच्या शेतावरून जाते आणि १४६५ किलोमीटरचा प्रवास संपवून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि आमची काळी माती सोबत नेते. २००६ मध्ये गॅस हायड्रेट (समुद्रतळाखाली बर्फासारखा गोठलेला वायू) शोधायला गेलेल्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर समुद्रतळातून गाळाची नळी काढली गेली, आणि कामिलो पॉन्टन, लिव्हियु जिओसान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिच्यावरचं काम छापलं. त्यांनी परागकणांऐवजी पानांवरचं मेण घेतलं, तेही झाडाचीच निशाणी, आणि कवचासाठी ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर नावाचा समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारा सूक्ष्म जीव, त्याचं चुन्याचं कवच वाळूच्या कणाएवढं.

मेणाची गंमत अशी की झाडंझुडपं आणि उष्ण प्रदेशातलं गवत कार्बन वेगळ्या रीतीनं घेतात. ज्वारी, बाजरी, ऊस, कुसळ गवत हे एका गटात, त्यांच्यात जड कार्बन जास्त. साग, लिंब, कडधान्यं दुसऱ्या गटात. गोदावरीच्या तोंडाशी साठलेल्या मेणात साधारण ४००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या रानाचा वाटा हळूहळू वाढत गेलेला दिसतो, १७०० वर्षांपूर्वीपर्यंत, आणि त्यानंतर ते रान तसंच राहिलं. कवचांतून दिसतं की गेल्या ३००० वर्षांत उपसागराचं पाणी मधून मधून फार खारं झालं, म्हणजे नद्यांचं गोडं पाणी कमी पडलं. जवळच जालन्याच्या पलीकडं लोणार सरोवराच्या गाळात २०१४ मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांना दोन लांब अवर्षणं दिसली, ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. तारखा तंतोतंत जुळत नाहीत. तिन्ही साक्षी एकाच दिशेला बोट दाखवतात एवढं मी ठामपणे म्हणेन.

मामांनी यावर जे विचारलं ते मला कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं. "ज्वारी बी त्याच गटात म्हणतीस, मग रान कोरडं झालं का लोकांनी ज्वारी पेरली?" हा खराखुरा अडचणीचा प्रश्न आहे. माणसानं रान तोडून ज्वारी-बाजरी लावली तरी मेण तसंच दिसेल. जिओसान यांच्याच गटानं २०१७ मध्ये लिहिलं की अलीकडच्या काही हजार वर्षांत गोदावरीतून दख्खनची काळी माती वाहून जायचं प्रमाण वाढलं आणि त्यात शेतीचा हात असावा. म्हणूनच कवच पाहिजे, कवचाला ज्वारी कळत नाही, त्याला फक्त पाणी कळतं. कवच आणि मेण दोन्ही कोरडं म्हणाले तर पाऊसच कमी झाला होता.

राहिला प्रश्न आमच्या थराच्या वयाचा. शिंपल्यातला कार्बन-१४ मोजून वय काढता येतं, अर्धायुष्य ५७३० वर्षं, पण समुद्रातला शिंपला जन्मतःच सरासरी चारशे वर्षं म्हातारा दिसतो कारण खोल समुद्राचं जुनं पाणी त्यात मिसळलेलं असतं. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं तर अजून अवघड, तो चुनखडीतला मेलेला, म्हणजे कार्बन-१४ संपून गेलेला, कार्बन घेतो, आणि आमच्या विहिरीत वर पूर्ण चुनखडीच आहे. वय शेकडो, क्वचित हजारो वर्षांनी चुकू शकतं. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठच्या गाळात पाणघोड्याची आणि हत्तीची हाडं मिळालीत, तेव्हा नद्यांना बारमाही खोल पाणी असणार, पण आमचा डोह त्याच काळातला की पार अलीकडचा हे शिंपल्यावरून मी सांगणार नाही. कोळसा मिळाला तर सांगता येईल, कोळशानं कार्बन हवेतून घेतलेला असतो.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी परत गेले होते. विहीर बांधून काढायची तयारी चालू होती, विटा येऊन पडलेल्या. मामा स्वतः शिडीनं खाली उतरले, शिंपल्यांच्या थराच्या बुडाशी बोट लावून म्हणाले, हे काळं काय गं. नखाएवढा तुकडा, बोटाला काळं लागत होतं, मोडल्यावर लाकडाच्या रेषा दिसल्या. त्याला परत हात न लावता चिमट्यानं काढून मामीच्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये ठेवला, डबीवर खोली आणि तारीख लिहिली. मामांनी गवंड्याला सांगितलं, पूर्वेकडची भिंत पंधरा दिवस तशीच राहू दे, पोरीला चित्र काढायचंय.